होएनचे (पोकेमॉन एमराल्ड गेममधल्या प्रदेशाचे) आडरस्ते : दिवाळीच्या सुट्टीतली एमराल्ड ट्रिप

शुक्रवार रात्र

पोकेमॉन एमराल्डमध्ये चॅम्पियनला हरवलं, क्रेडिट्स वर सरकले की बरेच जण गेम संपला म्हणून कार्ट्रिज डबीत टाकतात, माझं बरोबर उलटं आहे. आठ जिम (म्हणजे लढाईचे आखाडे), मॅग्मा आणि अ‍ॅक्वा या दोन टोळ्यांची भांडणं, शेवटी आकाशातून रेक्वाझा येऊन सगळ्यांना गप्प करतो, ही मुख्य स्टोरी छानच आहे पण ती तुम्हाला हाताला धरून एका गावातून दुसऱ्या गावात नेते, आणि बनवणाऱ्यांनी खरं डोकं लावलंय ते स्टोरीत कुठेच न लागणाऱ्या जागांवर. तर माहेरी आल्या आल्या दादाचा जुना गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी कपाटातून काढला, चार्जर शोधला, सेव्ह आधीच चॅम्पियन झाल्यानंतरचा होता, आणि ठरवलं की या सुट्टीत फक्त आडरस्ते. सोबतीला भाचा. तो निन्टेंडो स्विचवर खेळतो, त्यामुळे "आत्या हे किती छोटंय" एवढं बोलून घेतलं त्याने, पण उठून काही गेला नाही.

सुरुवात सोपी म्हणून न्यू मॉव्हिल. मॉव्हिल गावाखाली हे एक अर्धवट सोडलेलं शहर आहे, रूट ११० वरून पाण्यातून जावं लागतं, जिमवाला वॉटसन किल्ली देतो आणि म्हणतो आतला जनरेटर बंद करून ये. आत निळे-हिरवे दरवाजे, जमिनीवर बटणं, आणि जमिनीवर पडलेले आयटमचे बॉल, त्यातले काही व्होल्टॉर्ब असतात, म्हणजे फुकटचं औषध उचलायला जावं तर तेच उठून अंगावर येतं. भाचा फसला, मी हसले. इथे मला मॅग्नेमाइट हवा होता कारण पुढे फ्लॅश (अंधारात उजेड पाडणारी चाल) मारणारा कोणीतरी लागणार होता आणि विजेचा झटका देऊन समोरच्याला सुस्त करणाराही. मिळाला लगेच. जनरेटर बंद करून वॉटसनकडून थंडरबोल्ट घेतला आणि झोपले.

शनिवार

आज दिवसभर रूट ११९, आणि दिवसभर पाऊस. म्हणजे गेममध्ये, या रूटवर बहुतेक दिवस पाऊसच असतो. इथे हवामान खात्याची इमारत आहे, उंच गवत आहे ज्यात सायकल चालत नाही, आणि मधून वाहणारी लांबलचक नदी, मध्ये धबधबा. या नदीत फीबास नावाचा मासा आहे. तपकिरी, फाटका, कोणी फुकट दिला तर घेऊ नये असा. पण तोच पुढे मिलोटिक होतो, ज्याच्यासारखा देखणा पोकेमॉन अख्ख्या होएनमध्ये नाही (माझं मत, भाच्याचं वेगळं आहे, त्याला सगळं ड्रॅगन हवं असतं).

अडचण अशी की नदीत चारशेच्या वर चौकोन आहेत आणि फीबास त्यातल्या फक्त ६ चौकोनांत. बाकी कुठेही गळ टाका, मॅजिकार्प, टेंटाकूल नाहीतर कारव्हाना. ते सहा चौकोन कुठले हे कशावर ठरतं, तर तिकडे लांब ड्यूफर्ड नावाच्या बेटावर पोरांमध्ये जो शब्द सध्या फॅशनमध्ये आहे त्याच्यावर! शब्द बदलला की मासे जागा बदलतात. हे ज्याने कोणी मीटिंगमध्ये सुचवलं असेल त्याला तिथेच चहा पाजला असेल नाहीतर बाहेर काढलं असेल. आम्ही एकच नियम केला, काम होईपर्यंत ड्यूफर्डला पाय ठेवायचा नाही.

आणखी एक गंमत म्हणजे बरोबर चौकोनावर असलात तरी मासा लागला की तो फीबास असण्याची शक्यता अर्धी. म्हणजे प्रत्येक चौकोनावर एकदा गळ टाकून पुढे सरकता येत नाही, तीन-चार वेळा तरी लागला पाहिजे. भाच्याने वहीत नदीचा नकाशा काढला, चौकोन पाडले, मी गळ टाकायचा, "नॉट इव्हन अ निबल" आलं की परत, लागलं की ए दाबायचं, कारव्हाना दिसला की पळायचं, तो टिकमार्क करायचा. पावसाचा तो आवाज आणि रूटचं म्युझिक, जे माझ्या मते एमराल्डमधलं सगळ्यात भारी म्युझिक आहे, आणि बाहेर सोसायटीत पोरं फटाके उडवतायत. वहिनी दोनदा येऊन विचारून गेली की नक्की काय चाललंय. मासेमारी, म्हटलं. दुपार गेली, संध्याकाळ गेली, धबधब्याखालचा भाग जवळपास संपला आणि वहीचं पान काळं झालं.

रविवार

धबधब्याच्या वर, काठाला लागून एका कोपऱ्यात, जिथे माणूस सहज गळ टाकणारच नाही, तिथे लागला. स्क्रीनवर तो तपकिरी फाटका मासा आला आणि आम्ही दोघं असे ओरडलो की आजी आतून धावत आली. पकडायला तो अगदी सोपा, साधा बॉल टाकला तरी येतो, सगळा त्रास शोधायचा. त्याच चौकोनावर उभं राहून अजून काही पकडले कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा येतो आणि पुढच्या कामात स्वभावाला महत्त्व आहे.

पुढचं काम म्हणजे त्याला सुंदर करणं. लेव्हल वाढवून फीबास कधीच मिलोटिक होत नाही, त्याची ब्यूटी निदान १७० पर्यंत न्यावी लागते आणि मग एक लेव्हल. ब्यूटी वाढते निळ्या पोकेब्लॉकने, ते तुरट चवीच्या बेरींपासून लिलीकोव्हच्या कॉन्टेस्ट हॉलमधल्या ब्लेंडरवर बनवायचे. पण पोट भरलं की तो पुढे खातच नाही, त्यामुळे हलके ब्लॉक चारून पोट भरवलंत तर तो मासा आयुष्यभर फीबास. म्हणून ज्याला तुरट आवडतं तो स्वभाव शोधायचा, माझ्याकडे एक मॉडेस्ट निघाला, काम झालं. ब्लेंडर भाच्याने चालवला, सुई बाणावर आली की दाबायचं, त्यात त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे हे मान्य. मिलोटिक झाला तेव्हा तो म्हणाला, "ठीके, हा चांगलाय."

लिलीकोव्हला आलोच होतो तर बाजूलाच रूट १२१ वर सफारी झोन. ५०० रुपये म्हणा किंवा तिथलं जे काय चलन आहे ते, ३० सफारी बॉल, ५०० पावलं, आणि लढाई नाही, फक्त जवळ जायचं किंवा पोकेब्लॉक टाकायचा. हेराक्रॉस हवा तर अ‍ॅक्रो सायकल लागते, पिन्सिर हवा तर मॅक सायकल, आणि एका वेळी एकच सायकल बाळगता येते, बदलायला मॉव्हिलच्या दुकानात जा. हेराक्रॉस सोडला. मला वॉबफेट हवा होता, तो मिळाला, आणि मिळाल्या मिळाल्या रूट ११७ वरच्या डेकेअरमध्ये ठेवला. का ते नंतर.

सोमवार

होएन म्हणजे जपानचं क्युशू बेट, नकाशा आडवा फिरवून बसवलेला. मॉसडीप शहरात स्पेस सेंटर आहे कारण तिकडे खऱ्या तानेगाशिमा बेटावर जपानचं रॉकेट सोडायचं केंद्र आहे. पोकेमॉन गेम बनवणाऱ्या ज्युनिची मासुदाने लहानपणी क्युशूला आजी-आजोबांकडे जायच्या सुट्ट्यांवरून हा प्रदेश सुचल्याचं सांगितलंय, आणि एकदा हे कळलं की इतकं पाणी, इतकी बेटं, इतके पोहण्याचे रूट का आहेत ते पटतं. पाणी जास्त आहे अशी तक्रार करणारे लोक आहेत, असोत.

मॉसडीपच्या वर शोल केव्ह. इथे भरती-ओहोटी आहे, खरीखुरी, घड्याळावर चालणारी. ३ ते ९ ओहोटी, ९ ते ३ भरती, दिवसाही आणि रात्रीही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात जसं ओहोटी बघून चालत जातात तसंच, पाणी उतरल्याशिवाय खालच्या मजल्याचा रस्ताच दिसत नाही, आणि तिथल्या बर्फाच्या खोलीतच स्नोरंट मिळतो.

या कार्ट्रिजच्या आत घड्याळासाठी छोटी गोल बॅटरी असते. आमची कित्येक वर्षांपूर्वी मेली होती, गेम चालू केला की मेसेज यायचा की बॅटरी संपली, खेळता येईल पण वेळेवर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत. सेव्ह बॅटरीवर नसतो म्हणून तो शाबूत. मागच्या महिन्यात दादाने मोबाईल रिपेअरवाल्याकडून नवीन बॅटरी सोल्डर करून घेतली होती, आता मेसेज जातो पण आतलं घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळत नाही. म्हणजे भरती कधी हे बघायला लिटलरूटला स्वतःच्या घरी उडत जायचं, वरच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ वाचायचं, आणि हिशोब करायचा. आमचा हिशोब असा आला की ओहोटी सुरू होणार रात्री जेवणाच्या वेळेला. जेवण आटोपून गेलो तर पाणी उतरलेलं, खाली मीठ पडलेलं, भरतीला शिंपले मिळतात, दोन्ही चार-चार गोळा केले की आतला म्हातारा शेल बेल बनवून देतो. बर्फावर घसरत घसरत स्नोरंट शोधला, बराच वेळ झूबॅट आणि स्फील, मग आला एकदाचा. टोकदार टोपी घातलेलं पोरगं थंडीत कुडकुडतंय असा चेहरा. बॉलमध्ये पहिल्या झटक्यात.

मंगळवार

या ट्रिपचा खरा दिवस आज.

आधी तयारी. समुद्राखाली एक बंद खोली आहे आणि ती उघडायला पार्टीत (सोबत घेतलेल्या सहा पोकेमॉनमध्ये) वेलॉर्ड आणि रेलिकँथ लागतात. वेलॉर्ड म्हणजे वेलमर ४० लेव्हलला नेला की होतो, पोकेडेक्समध्ये लांबी साडेचौदा मीटर, तो दादाच्या जुन्या टीममध्ये होताच. रेलिकँथसाठी रूट १२४ नाहीतर १२६ ला डाइव्ह मारून तळाच्या शेवाळात फिरायचं. तिथे क्लॅम्पर्ल, क्लॅम्पर्ल, चिंचू, क्लॅम्पर्ल, आणि शंभरात पाच वेळा रेलिकँथ. हा ज्याच्यावरून काढलाय तो सीलाकँथ मासा खरा आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असं समजत होते आणि १९३८ ला दक्षिण आफ्रिकेत जाळ्यात जिवंत सापडला. भाच्याला हे सांगितलं तर त्याने लगेच फोनवर फोटो शोधून बघितला आणि मग शेवाळात फिरायला तोच उत्साहाने बसला, सकाळ त्यात गेली. बाकी पार्टी हमालांची: उडायला स्वेलो, खणायला आणि दगड फोडायला लिनून, फ्लॅशला मॅग्नेटॉन झालेला तो मॅग्नेमाइट, आणि लढायला एकटी डस्क्लॉप्स.

पॅसिफिडलॉग गाव ओंडक्यांवर तरंगतं, गावातून पश्चिमेला निघालं की प्रवाह सुरू. प्रवाहात शिरलं की बटणं दाबून काही होत नाही, पाणी नेईल तिकडे, मध्ये मध्ये शांत पाण्याचे तुकडे लागतात तिथेच काय ती दिशा बदलता येते, चुकीच्या ओळीत गेलात की थेट स्लेटपोर्टच्या बाजूला किनाऱ्यावर फेकले जाता आणि परत उडत पॅसिफिडलॉगला येऊन पहिल्यापासून. परत उलटं पोहून येता येत नाही. रूट १३२, १३३, १३४, आणि या शेवटच्यात दगडांनी वेढलेला गडद पाण्याचा एक छोटा तुकडा. आम्ही भरपूर वेळा स्लेटपोर्ट पाहिलं. मग भाच्याने परत वही काढली.

गडद पाण्यात डाइव्ह. खाली एक अरुंद बोळ, शेवटी एक दगड, त्यावर ठिपके. ब्रेल. इथून वर या, एवढंच लिहिलंय, पण ते वाचता आलं पाहिजे ना. वर आलो तर गुहा, आणि गुहेत दगडच दगड, प्रत्येकावर ठिपके. गंमत अशी की हे दगड म्हणजे मुळाक्षरंच आहेत, एकावर ए बी सी, दुसऱ्यावर डी ई एफ, म्हणजे नेटवर काही न बघता फक्त या खोलीत फिरून सगळी लिपी मिळते, गेमने स्वतःच शाळा उघडून ठेवलीये. भाचा पोटावर आडवा पडून ठिपके उतरवत होता, जीभ बाहेर, मी त्याला काही सांगितलं नाही. समोरच्या भिंतीवरचं त्याने स्वतः लावलं, "आत्या, डिग हिअर, इथे खणा म्हणतोय!" लिनूनने खणलं, भिंतीत दार.

आतल्या खोलीत मोठा मजकूर. आम्ही या गुहेत राहिलो, सगळं पोकेमॉनमुळे मिळालं, पण आम्हीच त्यांना बंद करून ठेवलं कारण आम्हाला भीती वाटली, अशा अर्थाचं. आणि मागे, पहिला वेलॉर्ड, शेवटचा रेलिकँथ. रूबी-सफायरमध्ये (एमराल्डच्या आधीच्या दोन आवृत्त्या) हे उलटं होतं, आधी रेलिकँथ, त्यामुळे जुन्या आठवणीवर जाणारे इथे हमखास अडकतात. पार्टीचा क्रम लावला, स्क्रीन हादरली, लांब कुठेतरी दारं उघडल्याचा मेसेज. भाचा म्हणाला, एवढंच? दारं कुठेयत? म्हटलं तेच तर.

बुधवार

तीन दारं तीन टोकांना. रूट १११ च्या वाळवंटात रेजिरॉक, तिथे गॉगल नसेल तर वाळूचं वादळ आत शिरू देत नाही. रूट १०५ च्या बेटावर रेजिआइस. रूट १२० च्या जुन्या थडग्यात रेजिस्टील. प्रत्येक ठिकाणी आत परत ब्रेल, पण आता आमच्याकडे वाचणारा होता. वाळवंटात दोनदा डावीकडे, दोनदा खाली आणि मग दगड फोडायचा. बेटावर भिंतीला चिकटून खोलीला एक चक्कर. थडग्यात मधोमध उभं राहून फ्लॅश. हे तिन्हीही रूबी-सफायरपेक्षा वेगळे केलेत, तिकडे रेजिआइससाठी काहीही न दाबता दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं होतं, ते मला जास्त आवडायचं खरं.

तिघंही ४० लेव्हलचे आणि पकडायला महाकठीण. त्यांच्याकडे सुपरपॉवर आहे, तो फटका एरवी फार लागतो, पण डस्क्लॉप्स भुताच्या जातीची, तिला तो लागतच नाही. ती नाइट शेड मारत बसते, त्याचं नुकसान तिच्या लेव्हलइतकं ठरलेलं, म्हणजे चुकून मारून टाकायची भीती कमी. मॅग्नेटॉनचा झटका, मग टायमर बॉल, हे रस्टबोरोच्या दुकानात मिळतात आणि लढाई जितकी लांबेल तितके भारी होत जातात, तीस टर्नला चौपट. रेजिरॉक आणि रेजिआइस दुपारपर्यंत आले. रेजिस्टीलने संध्याकाळ खाल्ली, बॉल तीनदा हलायचा आणि उघडायचा, तीनदा हलायचा आणि उघडायचा, शेवटी मी चकली तळायला गेले आणि भाच्याने पकडला. हे तो सगळ्यांना सांगत फिरतोय.

गुरुवार

स्काय पिलर. सायकल बदलून मॅक घेतली कारण वरच्या मजल्यांवर फरशीला तडे गेलेत, हळू गेलं की खाली पडता. पूर्ण वेगात वळणं घ्यायची, इथे भाच्याचा अंगठा कामाला आला, माझा थांबतो. मजल्यांवर क्लेडॉल, बॅनेट, मी सगळ्यांपासून पळाले.

गच्चीवर रेक्वाझा, लेव्हल ७०, हिरवा, गुंडाळून झोपलेला. आधी सेव्ह. त्याच्या आउटरेजने माझी टीम एकेक करत आडवी झाली, आणि कष्टाने आयुष्य लालवर आणलं की हा रेस्ट मारून परत पूर्ण भरतो. पहिल्यांदा तेव्हा फार राग आला. पण रेस्ट मारला की तो झोपतो, आणि झोपलेल्याला पकडणं सोपं असतं, आयुष्य भरलेलं असलं तरी. लढाई लांबवून टायमर बॉल भारी झाले आणि मग त्याच्या झोपेत टाकत राहिले. कोणालाही हमखास पकडणारा मास्टर बॉल होता हो बॅगेत. इथे वापरला असता तर गंमत काय. बऱ्याच वेळाने एक बॉल हलून बंद झाला आणि खोलीत कोणीच नव्हतं, सगळे लक्ष्मीपूजनाच्या तयारीला. मीही गेले.

रात्री उतरताना पॅसिफिडलॉगच्या म्हाताऱ्याला विचारलं, मिराज आयलंड दिसतंय का. नाही म्हणाला. रूट १३० वरचं हे बेट रोज गेमने काढलेला एक आकडा तुमच्या पार्टीतल्या कोणाच्या तरी लपलेल्या आकड्याशी जुळला तरच उगवतं, एका पोकेमॉनमागे ६५,५३६ मध्ये एक. तिथे आहे काय, तर वायनॉट आणि लिएची बेरी. दादाला कधीच दिसलं नाही, मला नाही, मला त्या म्हाताऱ्याबद्दल मात्र आदर आहे, रोज उठून समुद्राकडे बघतो.

शुक्रवार

आता वॉबफेटचं. चॅम्पियन झाल्यावर गेममधल्या घरी टीव्हीवर एका उडत्या पोकेमॉनची बातमी लागते आणि आई विचारते कुठला रंग म्हणाले, निळा म्हटलं तर लॅटिओस, लाल म्हटलं तर लॅटिअस होएनभर फिरायला लागते. दादाने त्या काळी निळा म्हटला होता. लॅटिओस दिसला की पहिल्याच टर्नला पळतो आणि तुम्ही रूट बदलला की तोही बदलतो. वॉबफेट समोर असला की मात्र पळता येत नाही, ही त्याची शॅडो टॅग.

डेकेअरमध्ये आपल्या एका पावलाला एक एक्स्पीरियन्स पॉइंट मिळतो, आठवडाभर आम्ही जे पोहलो, घसरलो, सायकल मारली ते सगळं त्याच्या खात्यात, वर थोडी रेअर कँडी घालून तो चाळीसच्या जरा खाली आणला. तो पुढे, आणि मॅक्स रिपेल. रिपेलमुळे आपल्यापेक्षा कमी लेव्हलचे येत नाहीत, लॅटिओस ४० चा, म्हणजे आलाच तर तोच. मॉव्हिल आणि रूट ११७ मध्ये आतबाहेर करत राहायचं, एकदा दिसला की पोकेडेक्सच्या नकाशात तो कुठल्या रूटवर आहे ते दिसतं, बाजूला आला की गवतात. भाचा नकाशा बघत होता, "आला आला ११७!" आणि गवतात खरंच निळं काहीतरी.

वॉबफेट टिकला तेवढ्यात अल्ट्रा बॉलचा मारा, आला. समरी उघडली. लॅटिओस स्पेशल अटॅकवर चालतो, आणि याचा स्वभाव निघाला अ‍ॅडमंट, म्हणजे नेमका स्पेशल अटॅक कमी करणारा. भाचा म्हणाला, आत्या रिसेट करून परत पकडू. काही उपयोग नाही, त्याचा स्वभाव दादाने टीव्हीसमोर निळा म्हटलं त्याच क्षणी ठरून गेलाय. दादाला हाक मारून दाखवलं, तो म्हणाला मग लाल म्हणायला पाहिजे होतं का.